काठी कोणत्या हातात?

'म्हातारपणाची काठी', 'आंधळ्याची काठी' असे शब्दप्रयोग आपण सहज करतो. आधार म्हटले की आपल्याला काठी आठवते. मात्र ही खरीखुरी काठी आपण फारशी निरखून पाहत नाही. एक दांडा, वर धरायला मूठ आणि खाली टोक. त्यात शिकण्यासारखे ते काय असणार, असेच वाटते. काठी दुकानातून उचलून आणावी किंवा वडिलांची मुलाने वापरावी, एवढाच तिच्या निवडीचा विचार होतो.

एक प्रश्न वर्गात विचारून पहा. एका माणसाचा उजवा खुबा दुखतो आहे. त्याने काठी कोणत्या हातात धरावी? 'उजव्या' असे उत्तर बहुधा लगेच येईल. जी बाजू दुखते तिलाच आधार हवा, हे मनाला पटतेही. नाटकसिनेमातील लंगडणारी पात्रेही पुष्कळदा तसेच करताना दिसतात. प्रत्यक्षात बरोबर उत्तर 'डाव्या' असे आहे, आणि त्याचे कारण आपण शाळेत शिकवतो त्या तरफेच्या नियमात आहे. तरफेचा नियम आर्किमिडीजच्या काळापासून माहीत होता आणि काठी तर त्याहून कितीतरी जुनी. तरीही या दोहोंची गाठ पडून खुब्यावरच्या भाराचा नीट हिशेब मांडला जायला विसावे शतक उजाडावे लागले.

हा प्रश्न निव्वळ गणिताचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात, आणि त्यांत वयस्कांचे प्रमाण मोठे असते. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले की अनेकांचे स्वतंत्रपणे हिंडणेफिरणे कायमचे थांबते. योग्य मापाची काठी योग्य हातात असणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. हे शहाणपण माणसाने कसे मिळवले, ते पाहू.

दारवान रोमा आणि राजा तुतनखामेन

डेन्मार्कमधील कोपनहेगन येथील एका संग्रहालयात इजिप्तची एक कोरीव शिळा आहे. ती इ. स. पूर्व सुमारे १४०० च्या आसपासची, म्हणजे इजिप्तच्या अठराव्या राजघराण्याच्या काळातली आहे. तिच्यावर रोमा नावाचा एक दारवान देवतेला नैवेद्य अर्पण करताना दाखवला आहे. त्याचा एक पाय दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे बारीक आहे, त्या पायाची टाच जमिनीला टेकलेली नाही, आणि त्याच्याजवळ एक उंच काठी आहे. पोलिओने अधू झालेल्या माणसाचे हे सर्वांत जुने चित्र असावे, असे अनेक वैद्यकीय अभ्यासक मानतात. निदान काहीही असो, अधू पायाच्या माणसाला काठीचा आधार होता आणि तो आपले काम करत होता, एवढे या शिळेवरून नक्की कळते.

याच राजघराण्यातील तुतनखामेन राजाची कबर १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर यांना सापडली. तिच्यात सुमारे १३० लहानमोठ्या काठ्या निघाल्या. काठी हे त्या काळी अधिकाराचेही चिन्ह होते, त्यामुळे राजाजवळ काठ्या असण्यात नवल नव्हते. मात्र २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, राजाच्या शवाची क्ष-किरण तपासणी करून, त्याच्या डाव्या पावलात व्यंग होते आणि तेथील हाडे झिजली होती, असा निष्कर्ष मांडला गेला. म्हणजे यांतल्या काही काठ्या चालण्यासाठीच असाव्यात. सर्व तज्ज्ञांना हे मान्य नाही. पण काठीचा मान आणि काठीचा आधार हे दोन अर्थ तेव्हापासून एकमेकांत मिसळलेले आहेत, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

काठीच्या पुढची पायरी म्हणजे कुबडी. फांदीचे बेचके असलेला दांडा किंवा दांड्याच्या डोक्यावर ठोकलेली आडवी फळी, हे तिचे रूप शतकानुशतके टिकून राहिले. पीटर ब्रूगेल या फ्लेमिश चित्रकाराने १५६८ मध्ये काढलेले एक छोटेसे चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात पाच अपंग भिकारी कुबड्यांच्या आधाराने उभे आहेत. या कुबड्या सुताराने मापाने घडवलेल्या नाहीत. मिळेल त्या लाकडाच्या आहेत.

आपल्याकडे 'कुबडी' म्हटले की समर्थ रामदासांचीही आठवण होते. सज्जनगडावर त्यांच्या वापरातल्या वस्तूंमध्ये कुबडी जपून ठेवलेली आहे. परंतु साधूंची ही कुबडी आखूड असते. जप किंवा ध्यान करताना बसल्या जागी हात टेकवण्यासाठी ती असते, चालण्यासाठी नव्हे. एकाच नावाच्या या दोन वस्तूंची गल्लत करू नये.

चालण्याचे गणित

काठी का उपयोगी पडते, हे कळण्याआधी माणूस चालतो कसा हे कळायला हवे होते. या दिशेने पहिले मोठे पाऊल टाकले ते इटलीतील जिओव्हानी बोरेली यांनी. त्यांचा प्राण्यांच्या हालचालींवरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १६८०-८१ मध्ये प्रसिद्ध झाला. हाडे म्हणजे तरफा आणि सांधे म्हणजे टेकू, असे मानून त्यांनी स्नायूंच्या बलाचा हिशेब केला. स्नायू सांध्याच्या अगदी जवळ जोडलेले असतात, म्हणून उचलायच्या वजनाच्या कितीतरी पट बल त्यांना लावावे लागते, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्या शरीरातल्या बहुतेक तरफा बलाच्या दृष्टीने तोट्यातल्या आहेत, हे त्यांनी दाखवून दिले.

१८३६ मध्ये जर्मनीतील विल्हेल्म आणि एडुआर्ड वेबर या भावांनी चालण्याच्या यंत्रणेवर ग्रंथ लिहिला. पुढे लाइपझिग येथे क्रिस्टियान ब्राउने आणि गणितज्ञ ओटो फिशर यांनी १८९१ मध्ये एक अवघड प्रयोग केला. त्यांनी एका माणसाच्या हातापायांवर विजेने चमकणाऱ्या काचेच्या नळ्या बांधल्या, त्याला अंधारात चालायला लावले आणि ठराविक अंतराने चमकणाऱ्या त्या रेषांची छायाचित्रे घेतली. नळ्या बांधण्यातच तासन्‌तास जात. ब्राउने यांचे १८९२ मध्ये निधन झाले. त्यानंतर फिशर यांनी एकट्याने आकडेमोड पुरी केली आणि ती १८९५ ते १९०४ या काळात प्रसिद्ध झाली. चालताना प्रत्येक क्षणी शरीराचा कोणता भाग कोठे असतो, याचे विश्वसनीय आकडे प्रथमच उपलब्ध झाले.

१८९५ हेच वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. शल्यचिकित्सक फ्रीडरिख ट्रेंडेलेनबुर्ग यांनी त्या वर्षी, खुब्याचे जन्मजात व्यंग असलेली माणसे बदकासारखी डुलत का चालतात, याचे उत्तर दिले. एका पायावर उभे राहिलो की कमरेची दुसरी बाजू खाली झुकू पाहते. खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू तिला वर धरून ठेवतात. हे स्नायू दुबळे असतील, तर कंबर उचललेल्या पायाच्या बाजूला कलते. आपल्या काठीच्या कोड्याची किल्ली याच स्नायूंत आहे.

ती किल्ली कुलपाला लावली ती आखेन या जर्मन शहरातील अस्थिशल्यविशारद फ्रीडरिख पाउवेल्स (१८८५-१९८०) यांनी. मांडीच्या हाडाच्या मानेपाशी होणारा अस्थिभंग हा मुळात यांत्रिकीचा प्रश्न आहे, असे प्रतिपादन करणारा त्यांचा ग्रंथ १९३५ मध्ये निघाला. फिशर यांचे आकडे हाताशी घेऊन त्यांनी खुब्यावर येणाऱ्या भाराचा हिशेब मांडला.

पाच किलोंची करामत

तो हिशेब आपण सोप्या, पूर्णांकी आकड्यांत करून पाहू. (येथे बल किलोग्रॅम-भारात मांडले आहे, आणि सर्व बले उभ्या दिशेने आहेत असे मानले आहे.)

समजा, एका माणसाचे वजन ६० किलो आहे. चालताना डावा पाय उचलला असता तो क्षणभर केवळ उजव्या पायावर उभा असतो. उजव्या पायाचे वजन सुमारे १० किलो धरू. ते वगळता उरलेले ५० किलो उजव्या खुब्याच्या सांध्यावर तोललेले असतात. परंतु हे वजन सांध्याच्या बरोबर वर नसते. त्याची रेषा शरीराच्या मध्यभागाजवळून, म्हणजे सांध्यापासून अंदाजे १० सेंटिमीटर डावीकडून जाते. त्यामुळे कंबर डावीकडे झुकू लागते. तिला रोखणारे स्नायू सांध्याच्या उजवीकडे, सुमारे ५ सेंटिमीटरवर ओढत असतात.

सांधा हा टेकू. डावीकडे ५० × १० = ५००. तोल साधायचा तर उजवीकडेही ५०० हवेत; म्हणून स्नायूंचे बल ५०० ÷ ५ = १०० किलो. आता सांध्यावर वरचे वजन आणि स्नायूंची ओढ हे दोन्ही दाबतात : ५० + १०० = १५० किलो. म्हणजे ६० किलोंच्या माणसाच्या खुब्यावर प्रत्येक पावलाला १५० किलोंचा, त्याच्या वजनाच्या अडीचपट भार येतो! झिजलेला सांधा दुखतो तो या भाराने.

आता त्याने डाव्या हातात काठी घेतली आणि जमिनीवर फक्त ५ किलोंचा दाब दिला. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे काठी त्याला ५ किलो बलाने वर उचलते. डावा हात उजव्या खुब्यापासून चांगला दूर, अंदाजे ४० सेंटिमीटरवर असतो. ५ × ४० = २०० एवढे काम काठीने केले. स्नायूंच्या वाट्याला ५०० − २०० = ३०० उरले; त्यांचे बल ३०० ÷ ५ = ६० किलो. सांध्यावरचा एकूण भार ५० + ६० − ५ = १०५ किलो. हाताने पाच किलोंचा जोर लावला आणि खुब्याचे ओझे पंचेचाळीस किलोंनी उतरले.

हीच काठी दुखऱ्या बाजूच्या, म्हणजे उजव्या हातात घेतली तर? ती सांध्याच्या उजवीकडे, समजा २० सेंटिमीटरवर येते. तिथून वर उचलणारे बल कंबरेला आणखीच डावीकडे कलवते. ५०० मध्ये १०० ची भर पडून ६०० होतात; स्नायूंचे बल १२० किलो आणि सांध्यावरचा भार ५० + १२० − ५ = १६५ किलो. भार उलट वाढला! मग अशी काठी वापरणाऱ्याला थोडा तरी आराम का वाटतो? कारण तो सगळे धड काठीच्या बाजूला झुकवतो. त्यामुळे वजनाची रेषा खुब्याच्या जवळ येते आणि भार कमी होतो. परंतु दर पावलाला असे झुकत चालण्याचा ताण पाठीवर पडतो आणि तोलही जाऊ शकतो.

काठी वापरणारा प्रत्येक माणूस हा हिशेब थोडाच करतो! अनेकजण अनुभवाने काठी बरोबर हातात घेत असणारच. पण अनुभव सर्वांनाच तिथपर्यंत नेत नाही, आणि 'दुखऱ्या बाजूला आधार' ही समजूत फार घट्ट असते.

हा सगळा हिशेब कागदावरचा होता. जिवंत माणसाच्या सांध्यात डोकावून तो पडताळता येईल का? स्वीडनमधील निल्स रीडेल यांनी ते करून दाखवले. ज्यांना खुब्याचा कृत्रिम गोळा बसवावा लागला अशा दोन रुग्णांच्या गोळ्यांत त्यांनी ताण मोजणारी मापके बसवली आणि १९६६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे बर्लिन येथे गेओर्ग बेर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारांशिवाय, रेडिओलहरींनी मोजमाप बाहेर पाठवणारे कृत्रिम सांधे वापरले. सपाट जमिनीवर चालताना खुब्यावर वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, असे त्यातून दिसले. काठीमुळे भार घटतो हेही दिसले. मात्र प्रत्यक्षातली घट कागदी हिशेबापेक्षा कमी भरली. चालणारा माणूस म्हणजे काटकोनात मांडलेली तरफ नव्हे, त्यामुळे हा फरक समजण्यासारखा आहे. नियमाची दिशा मात्र बदलत नाही.

लाजेचा अडथळा

काठीचे शास्त्र कळले तरी काठी हातात धरायला माणूस तयार व्हावा लागतो. अमेरिकेतील मिलवॉकीचे अस्थिशल्यविशारद वॉल्टर ब्लाउंट यांनी १९५६ मध्ये एका लेखाला 'काठी टाकून देऊ नका' अशा अर्थाचे शीर्षक दिले होते. पाउवेल्स यांचे गणित इंग्रजी वाचणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोचवण्यात या लेखाचा मोठा वाटा आहे. रुग्ण काठीला दुबळेपणाची खूण समजतात आणि ती लवकरात लवकर टाकू पाहतात, हे ब्लाउंट जाणून होते. चष्मा लावायला कोणी लाजत नाही. मग काठीचीच लाज का वाटावी?

ही लाज मोठ्या माणसांनाही चुकली नव्हती. फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १९२१ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी पोलिओसदृश आजाराने गाठले आणि दोन्ही पाय लुळे पडले. १९२४ मध्ये न्यूयॉर्क येथील पक्षाच्या अधिवेशनात ते पायांना कॅलिपर लावून, दोन्ही काखांत कुबड्या घेऊन भाषणासाठी व्यासपीठावर गेले. १९२८ च्या अधिवेशनात मात्र त्यांनी एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने मुलाच्या दंडाचा आधार, अशी योजना केली. कुबड्या लोकांना असहायपणाची आठवण करून देतात, काठी तशी देत नाही, हे त्यांनी ओळखले होते. पुढे ते बारा वर्षे अमेरिकेचे अध्यक्ष होते, पण चाकांच्या खुर्चीतली त्यांची छायाचित्रे अगदी मोजकी आहेत.

कुबडी काखेतून कोपराखाली

कुबड्यांचा एक धोका डॉक्टरांच्या फार पूर्वी लक्षात आला होता. थकलेला माणूस कुबडीच्या डोक्यावर काखेने रेलतो. काखेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर त्यामुळे दाब पडतो, मुंग्या येतात आणि हळूहळू मनगट लुळे पडते. 'कुबडीचा पक्षाघात' एकोणिसाव्या शतकातील डॉक्टरांच्या चांगला परिचयाचा होता. म्हणजे पायाचे दुखणे निभावताना हात गमावण्याची वेळ! कुबडीचे डोके शरीराचा भार घेण्यासाठी नसते. ते छातीच्या बाजूला दाबून धरायचे आणि भार तळहातांनी मुठींवर घ्यायचा असतो.

दोन महायुद्धांनी लाखो तरुण जायबंदी केले, आणि कुबड्यांच्या रचनेकडे गांभीर्याने लक्ष देणे भाग पडले. १९४० च्या दशकात अमेरिकेत ए. आर. लॉफस्ट्रँड यांची उंची कमीजास्त करता येणारी कुबडी प्रचारात आली. तिला काखेतले डोकेच नसते. कोपराच्या खाली हाताभोवती एक कडे असते आणि पुढे मूठ असते. आपल्याकडे तिला 'एल्बो क्रच' म्हणतात. ही कुबडी काखेला स्पर्शच करत नाही, आणि मूठ सोडली तरी हातातून गळून पडत नाही.

साधन बदलले, तसे ते वापरण्याचे शिक्षणही सुरू झाले. न्यूयॉर्कचे डॉ. जॉर्ज डीव्हर आणि त्यांच्या सहकारी मेरी एलिनॉर ब्राउन यांनी १९४५-४६ मध्ये कुबड्यांनी चालण्याच्या निरनिराळ्या पद्धतींची पद्धतशीर मांडणी केली. डावी कुबडी, उजवा पाय, उजवी कुबडी, डावा पाय ही सर्वांत सावकाश आणि सर्वांत स्थिर पद्धत. तिच्यात कोणत्याही क्षणी तीन टेकू जमिनीवर असतात. ज्यांचे दोन्ही पाय लुळे पण हात बळकट आहेत, त्यांच्यासाठी दोन्ही कुबड्या पुढे टाकून शरीर झोक्यासारखे नेण्याची पद्धत आहे.

आपल्याकडे याच काळात या क्षेत्रातील संस्था उभ्या राहिल्या. महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये सुरू झाले. मुंबईत फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये डॉ. बाळिगा यांच्या साहाय्याने पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचारकेंद्र उघडले. त्यांच्या स्वतःच्या मुलीला पोलिओ झाला होता. हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ मधली. कुबड्या, कॅलिपर, तीनचाकी गाड्या यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन करण्यासाठी कानपूरला १९७२ मध्ये सरकारी महामंडळ स्थापन झाले.

त्या वेळी कुबडी म्हटले की पोलिओ झालेले मूल डोळ्यांसमोर येई. भारतात नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला, आणि २०१४ मध्ये आपला प्रदेश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. जुन्या साथींतून वाचलेले अनेकजण आज प्रौढ आहेत आणि कुबड्या वापरतात. पण नव्याने काठी-कुबडी हाती घेणारे आता प्रामुख्याने वृद्ध, अपघातग्रस्त आणि पक्षाघात झालेले रुग्ण असतात. म्हणजे हा विषय घरोघरचा झाला आहे.

वापरणाऱ्यांनीच साधन सुधारल्याचेही उदाहरण आहे. स्वीडनच्या आइना विफाल्क यांना तरुणपणी पोलिओ झाला होता. चाके, ब्रेक आणि बसायला पाट असलेल्या चालण्याच्या गाडीची कल्पना त्यांनी १९७८ मध्ये मांडली. आज 'रोलेटर' नावाने ती जगभर वापरली जाते.

निवड कशी करावी?

या सगळ्या इतिहासातून व्यवहारासाठी काय हाती लागते, ते आता क्रमाने पाहू.

मूठ किती उंचीवर? नेहमीची चप्पल किंवा बूट घालून सरळ उभे राहावे, हात सैल सोडावेत. मनगटावरची आडवी घडी जिथे येते, तिथे काठीची मूठ असावी. मूठ धरल्यावर कोपर थोडे, साधारण २० ते ३० अंश वाकते. काठी फार लांब असेल तर खांदा वर उचलला जातो आणि हाताला जोर लावता येत नाही. फार आखूड असेल तर माणूस पुढे वाकतो. वडिलांची काठी मुलाला चालेलच असे नाही, ते यामुळे.

कोणत्या हातात? दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. काठी आणि दुखरा पाय एकाच वेळी पुढे टाकावेत, मग चांगला पाय. गुडघ्याच्या दुखण्यातही सहसा हाच नियम सांगितला जातो. पक्षाघातात एका बाजूचा हात आणि पाय दोन्ही दुबळे असतात, तिथे काठी आपोआपच चांगल्या हातात येते.

टोक कसे? रबरी बुचाचे. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधकाच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची रीत शोधली नसती, तर हे बूच आपल्याला मिळाले नसते. काठी जितकी तिरपी टेकावी तितके तिचे टोक आडवे सरकू पाहते. ४५ अंशांत टेकली तर आडवा रेटा उभ्या दाबाइतकाच होतो. त्याला अडवते ते केवळ घर्षण. बुचाच्या तळाच्या रेघा झिजून तो गुळगुळीत झाला की ओल्या फरशीवर काठी घसरते. म्हणून बूच वरचेवर उलटे करून पाहावे आणि वेळीच बदलावे. पावसाळ्यात छत्रीचीच काठी करण्याची सवय आपल्याकडे पुष्कळांना असते. तिचे धातूचे टोक फरशीवर आणि शेवाळलेल्या पायरीवर अजिबात धरत नाही, शिवाय तिची उंचीही मापाची नसते.

साधी काठी, तीन-चार पायांची काठी, कुबडी की वॉकर? साध्या काठीवर फार तर शरीराच्या वजनाचा चौथा हिस्सा टाकता येतो. थोडा तोल जातो, एक सांधा दुखतो, अशांना ती पुरते. तीन-चार पायांची काठी जास्त स्थिर असते, पण सगळे पाय एकाच वेळी जमिनीला टेकले तरच. खडबडीत वाटेवर किंवा अरुंद पायरीवर ती अडचणीची ठरते. पायावर भार टाकायचाच नसेल तर कुबड्या हव्यात. काखेतील कुबडी घेतली तर तिचे डोके आणि काख यांच्यात दोन-तीन बोटांचे अंतर असावे. दोन्ही हातांना सतत आधार लागतो त्यांनी वॉकर घ्यावा, मात्र तो घेऊन जिना चढू नये. पांढरी काठी या यादीत येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत रिचर्ड हूव्हर यांनी अंध सैनिकांसाठी लांब काठीचे तंत्र विकसित केले. तिचे काम पुढच्या जमिनीची माहिती देणे हे आहे. तिच्यावर भार टाकायचा नसतो.

जिन्यावर काय करावे? चढताना चांगला पाय आधी, मागून दुखरा पाय आणि काठी. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी, मागून चांगला पाय. कारण उघड आहे : शरीर वर उचलण्याचे किंवा सावकाश खाली सोडण्याचे काम दोन्ही वेळा वरच्या पायरीवरच्या पायाला करावे लागते. 'चढताना चांगला' एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. कठडा असेल तर एक हात कठड्यावरच असावा.

एक सूचना मात्र आवश्यक आहे. चालण्यात अचानक फरक पडला, वारंवार तोल जाऊ लागला, किंवा हाताला मुंग्या येऊ लागल्या, तर काठी बदलत बसू नये. डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवावे.

वर्गात करून पाहण्यासाठी

वरचा हिशेब वर्गात प्रत्यक्ष दाखवता येतो. मीटरची लाकडी पट्टी ५० सेंमी खुणेपाशी खिळ्यावर टांगा. खिळा म्हणजे खुबा. ४० सेंमी खुणेवर ५०० ग्रॅमचे वजन लटकवा. ५५ सेंमी खुणेला तणावकाटा अडकवून पट्टी आडवी होईपर्यंत खाली ओढा. काटा सुमारे १००० ग्रॅम दाखवील, हा स्नायू. आता १० सेंमी खुणेला दुसरा तणावकाटा अडकवून ५० ग्रॅमने वर उचला. ही विरुद्ध हातातली काठी. पहिला काटा ६०० च्या आसपास उतरेल. तोच दुसरा काटा ७० सेंमी खुणेवर नेऊन ५० ग्रॅमने वर उचलला, तर पहिला काटा १२०० कडे चढेल. खाली ओढण्यासाठी वापरायचा काटा उलटा धरावा लागतो, म्हणून त्याचे शून्य त्याच स्थितीत आधी जुळवून घ्यावे.

वजनकाटा उपलब्ध असेल तर त्यावर काठी टेकवून मुलांना पाच किलोंचा दाब देऊन पाहू द्या. तो किती हलका आहे, हे हाताला कळले की हिशेबातले पंचेचाळीस किलो अधिक ठसतात.

यानंतर मुलांना गृहपाठ द्यावा. घरात किंवा शेजारी काठी वापरणारे जे आजीआजोबा असतील, त्यांची परवानगी घेऊन चार नोंदी करायच्या : कोणता पाय दुखतो, काठी कोणत्या हातात असते, मूठ मनगटापासून किती वर किंवा खाली आहे, आणि बुचाचा तळ कसा आहे. नोंदी वर्गात एकत्र मांडल्या की गावातल्या किती काठ्या चुकीच्या हातात किंवा चुकीच्या मापाच्या आहेत, ते समजेल. लाकडी काठी लांब असेल तर दोन इंच कापून द्यायला करवत पुरते, आणि नवे रबरी बूच औषधांच्या किंवा वैद्यकीय साहित्याच्या दुकानात थोड्या पैशांत मिळते.